जुलैतले पाहुणे, जानेवारीतलं लुगडं

आज सकाळी दार उघडलं आणि नाकातले केस गोठले. मिनेसोटात हिवाळा कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. बाहेर लख्ख ऊन होतं. आमच्याकडे जानेवारीत ऊन जितकं लख्ख तितकी थंडी वाईट. ढग असले की आभाळाने पांघरूण घातल्यासारखं थोडं बरं वाटतं, पण निळंभोर आकाश दिसलं की समजावं, आज गाडी सुरू व्हायला खळखळ करणार. मी फावडं घेऊन दारासमोरचा बर्फ ओढायला निघालो होतो, तेवढ्यात आत फोन वाजला. माझ्या बायकोने, शोभाने, खिडकीतून खूण केली. दोन बोटं कपाळाला लावली आणि डोळे मिटले. आमच्या घरच्या मुक्या भाषेत याचा अर्थ, डॉक्टर दातार.

डॉक्टर दातार हे भूल देणारे डॉक्टर. ईडन प्रेरीत आणि आसपासच्या गावांत जी मराठी घरं आहेत, त्यांच्या साहित्य मंडळाचे ते संस्थापक, अध्यक्ष, संपादक आणि बहुतेक वेळा एकमेव कवी. आठवडाभर ते ऑपरेशनच्या टेबलावर भूल देतात आणि शनिवारी मंडळ असतं. फोनवर त्यांनी आधी माझ्या प्रकृतीची, मग माझ्या गाडीच्या बॅटरीची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले. येत्या जुलैत पुण्याहून एक थोर साहित्यिक येणार आहेत. डॉक्टरांनी कमिट करून टाकलंय. पण आठवडाभर त्यांना ठेवायचं कुणाकडे?

"तुम्ही ताम्हनकरांकडे विचाराल का, लेले? सुलभावहिनींचा स्वयंपाक पुण्यापर्यंत माहीत झालाय. पण मी विचारलेलं बरं दिसणार नाही."

का बरं दिसणार नाही, ते मला माहीत होतं. ते आठवून मला इतकं गार गार समाधान झालं की बाहेरची थंडी त्यापुढे काहीच नव्हती. फोन ठेवल्यावर मी बर्फ ओढलाच नाही. चहा करून घेतला आणि खिडकीशी बसलो. समोर ताम्हनकरांच्या मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं. मला मात्र तिच्यावर एक लुगडं दिसत होतं.

या दशकाच्या सुरुवातीचं ते वर्ष. आता दशक संपत आलं. मधल्या काळात आमच्या गाड्या बदलल्या, चष्मे बदलले, मुलांनी आधी मराठीत उत्तरं देणं सोडलं आणि मग उत्तरं देणंच सोडलं. साहित्य मंडळ मात्र जसंच्या तसं आहे. बर्फाखाली वस्तू फार छान टिकतात.

आमच्या वाङ्मयीन वर्षाची सुरुवात संक्रांतीला होई. कुणाच्या तरी तळघरात. वर गॅरेजमध्ये बुटांचा ढीग, बेडरूममधल्या पलंगावर कोटांचा डोंगर, आणि त्या डोंगराला ओली लोकर, फोडणी आणि सेंट यांचा एक संमिश्र वास. तळघरात गुडघाभर लोकरीचं जाडजूड कार्पेट, भिंतींना लाकडी फळ्या, कोपऱ्यात घुमणारी भट्टी. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की तिळगूळ देताघेता बोटांना ठिणगी बसे. "गोड बोला" म्हणेपर्यंत दोघंही हात झटकत. तीळ चिनी दुकानातले, गूळ म्हणजे तपकिरी साखर. पण वड्या उत्तम होत. वाईट व्हायच्या त्या कविता.

त्या कवितांबद्दल दोन शब्द बोललं पाहिजे, कारण दुसरं कुणी बोलणार नाही. बाहेर उणे पंचवीस. तळ्यावर बर्फ इतका जाड की माणसं त्यावर गाड्या नेऊन, भोक पाडून मासे धरताहेत. आणि आत, भट्टीच्या उबेत, हृदयाच्या झडपांचे, पुलांच्या कमानींचे आणि संगणकांच्या पोटातल्या तारांचे तज्ज्ञ एकामागून एक उठून पाणवठ्यावर जात. सगळेच जात. घागरी घेऊन. दादरला तिसऱ्या मजल्यावर वाढलेले, नळाच्या वेळा पाठ असलेले लोक, ज्यांनी जन्मात घागर उचलली नाही, ते इथे येऊन ओलेत्या पावलांनी पाणवठ्यावरून परत येत. प्राजक्ताचा सडा तर इतका पडे की तो ओढायलाही फावडं लागावं. मी एकदा विचारलं होतं की आपल्यापैकी कुणाच्या दारात प्राजक्त होता? तीन जणांनी हात वर केले. पुढे चौकशीत तिघांचाही शेजाऱ्यांचा निघाला.

यात मला राग येण्यासारखं काही नव्हतं. माणसं घरापासून लांब आली की असली पानं-फुलं चघळतात. राग येई तो डॉक्टरांच्या नियमाचा. आमचा वार्षिक अंक निघे. टंकलेखनाची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांच्या पत्नी तो सगळा सुंदर अक्षरात हाताने लिहून काढत आणि मग त्याच्या प्रती निघत. या अंकात इथलं काही छापायचं नाही, असा अलिखित कायदा होता. बर्फ नाही, लाँड्री नाही, शेजारची नॉर्वेजियन म्हातारी नाही. आणि एखाद्या लेखाबद्दल शंका आली, की तो पुण्याला जाई. डॉक्टरांचे मेहुणे तिथे मराठीचे प्राध्यापक होते. त्यांनी मान डोलावली तर ते साहित्य. मान डोलावल्याची बातमी यायला दीड-दोन महिने लागत. तोवर आमच्या बुद्धीला सुट्टी असे. इंग्रज हिंदुस्थानात राहून लंडनहून येणाऱ्या सहा महिने जुन्या फॅशनची वाट बघत म्हणे, आणि ती आली की एप्रिलच्या उन्हात लोकरी सूट घालत. आम्ही त्यांना हसतहसत मोठे झालो. फुकट हसलो.

अशा त्या वसाहतीत सुलभा ताम्हनकर लिहीत होत्या.

त्यांचा नवरा विनू हा माझा ऑफिसातला मित्र. आम्ही दोघं इमारती गरम आणि गार ठेवण्याच्या यंत्रांचे इंजिनियर. सुलभावहिनी गृहिणी. व्हिसाच्या कागदांनी त्यांना तशा ठेवल्या होत्या. त्या हिवाळ्यात त्यांना दुसरी मुलगी झाली, म्हणून मिरजेहून विनूची आई आली. माई. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, पायांत विनूचे लोकरी मोजे आणि त्यावर चपला. माई ताठ बाई. सुनेशी बोलायच्या ते भिंतीशी बोलल्यासारखं. "या घरात मीठ कुठं ठेवतात म्हणे?" असं फ्रीजला विचारायच्या. सुलभावहिनी फ्रीजच्या वतीने उत्तर द्यायच्या.

माईंना कपडे वाळवायचं यंत्र मान्य नव्हतं. कपडे भाजतात की काय, म्हणाल्या. उन्हात वाळलं नाही ते धुतलंच नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि एके सकाळी त्यांनी खिडकीतून ऊन पाहिलं. जानेवारीतलं, लख्ख, डोळे दिपवणारं. त्यांच्या आयुष्यात ऊन कधी खोटं बोललेलं नव्हतं. सुलभावहिनी बाळाला पाजत होत्या, तेवढ्यात माईंनी पिळलेलं लुगडं मागच्या दोरीवर टाकलं, शाल घट्ट ओढली आणि आत आल्या. घटकाभराने आणायला गेल्या तर त्या लुगड्याची फळी झाली होती. घडी होईना, गुंडाळता येईना. सासू-सुनांनी ते दोन्हीकडून धरलं आणि एखादं दार काढून आणावं तसं आडवं करून घरात आणलं. दोरीवर जसं पडलं होतं तसंच, मधोमध कणा आणि दोन्हीकडे उतरती बाजू. जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहिलं. डोकं नसलेली एक ताठ बाई दिवाणखान्यात उभी. मोठी मुलगी किंचाळली, "आई, इट्स स्टँडिंग."

आणि मग उबेने ते लुगडं हळूहळू वाकायला लागलं. खांदे पडले, कंबर गेली, गुडघे मुडपले आणि ते खाली बसलं. त्यावर माई काहीतरी म्हणाल्या. एकच वाक्य. पण ते या वेळी फ्रीजला उद्देशून नव्हतं, सुनेला उद्देशून होतं. आणि दोघी हसत सुटल्या, इतक्या, की बाळ दचकून रडायला लागलं.

सुलभावहिनींनी हे लिहिलं. चार पानं. मला आणि शोभाला त्यांनी ते स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. शोभाने पदर डोळ्यांना लावला. मी चहात साखर दोनदा घातली. मग त्या पानांची स्वारी गुढीपाडव्याला डॉक्टर दातारांकडे गेली.

डॉक्टरांनी ती सगळ्यांसमोर परत केली. सौजन्याने. त्यांचं सौजन्य त्यांच्या धंद्यातलंच, सुई कळत नाही. गंमत छान आहे, म्हणाले, पण हा किस्सा झाला, साहित्य नव्हे. माईंच्या त्या वाक्याखाली त्यांनी तांबडी रेघ मारली होती आणि समासात 'अनावश्यक' लिहिलं होतं.

"वहिनी, यात मातीचा वास कुठे आहे?"

"माती बर्फाखाली आहे, डॉक्टर," सुलभावहिनी म्हणाल्या.

मी एकटाच हसलो. एकट्याने हसण्याची मला सवय आहे.

पण घरी परतताना त्या हसत नव्हत्या. एप्रिल लागला होता, रस्त्याच्या कडेला घाणेरडा काळा बर्फ वितळत होता, गाडीचे वायपर करकरत होते. मागच्या सीटवरून त्या शोभाला म्हणाल्या की मी अकरा वर्षांची असल्यापासून लिहितेय. आजवर माझं वाचलं कुणी? आता जुलैत डॉक्टरांनी बोलावलेले ते पुण्याचे साहित्यिक पाहुणे येताहेत. त्यांनी एकदा वाचलं की कळेल. त्यांनी नाही म्हटलं तर मी हे सोडून देईन, मग परत कधी हातात पेन धरणार नाही. हे त्यांनी भाजी आणायची राहिली अशा सुरात सांगितलं. 

त्या वर्षीच्या पाहुण्यांचं नाव मी सांगत नाही. स्वतःचं नाव घेण्याची जबाबदारी ते स्वतःच फार चोख पार पाडत. आमच्याकडे साहित्यिक येतात ते जुलैतच. जुलैत मिनेसोटा म्हणजे स्वर्ग, फक्त त्या स्वर्गात डास आहेत. साहित्यिक येतो, तळं बघतो, मॉल बघतो, मिसिसिपीचा उगम बघतो, भाषण करतो, आणि परत जाऊन प्रवासवर्णन लिहितो. त्यात यजमानांचा उल्लेख असतो. या उल्लेखासाठी आमच्या वसाहतीत जी झुंज चाले, तिच्यापुढे सिनेटची निवडणूक म्हणजे भोंडला. आदल्या एका पाहुण्याने डॉक्टरांचा उल्लेख 'एका भूलतज्ज्ञाच्या प्रशस्त घरी' असा केला होता. ते पान डॉक्टरांनी चौकट करून दिवाणखान्यात लावलं आहे. नाव नाही, पण घर प्रशस्त. सगळ्यांना कळतं.

त्याही वर्षी पाहुणे अर्थात डॉक्टरांकडेच उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचं वातानुकूलन बंद पडलं. यात माझा हात नव्हता. दुरुस्तीला मात्र मलाच बोलावलं. एक सुटा भाग मागवावा लागणार होता. तो यायला वेळ लागला, कारण मी तो मागवायला वेळ लावला. मराठी वाङ्मयाला मी दिलेलं हे एकमेव योगदान. घामाने भिजलेले पाहुणे बॅगा घेऊन ताम्हनकरांच्या थंडगार घरात आले. माई तोवर मिरजेला परतल्या होत्या.

पाहुण्यांचं सारथ्य माझ्याकडे होतं, म्हणून मी त्यांना जवळून पाहिलं. ते गाडीत बसताच झोपत आणि प्रेक्षणीय स्थळ आलं की जागे होऊन, "आपल्याकडे याहून भव्य आहे," म्हणत. मिसिसिपीच्या उगमाशीही म्हणाले. बागेतल्या छपराखाली त्यांचं 'भाषेचं भवितव्य' या विषयावर व्याख्यान झालं. दर वाक्याला ते मानेवर एक चापट मारत. समोर आम्ही सगळे आपापल्या मानेवर चापट्या मारत होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कसलातरी पश्चात्तापाचा विधी चालला आहे. भाषेचं भवितव्य अंधकारमय आहे असं त्यांनी सांगितलं. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. काही डास त्यात मेले.

आणि एका दुपारी, ताम्हनकरांच्या स्वयंपाकघरात, ती गोष्ट झाली. सुलभावहिनी चकल्या तळत होत्या. पाहुणे खात होते. मी चहा पीत होतो. हिवाळ्यात इथे करता काय तुम्ही, असं पाहुण्यांनी सहज विचारलं. सुलभावहिनींनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि लुगड्याची हकिकत सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माईंच्या वाक्यासकट. मी पाहिलं की पाहुण्यांचं तोंड थांबलं. त्या आठवड्यात हे एकदाच झालं. हातातली चकली हातात राहिली. सांगून झाल्यावर सुलभावहिनींनी फ्रीजवरून चार पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली. हे मी लिहिलंय, म्हणाल्या. तुम्ही वाचाल का? आवाज असा, की चकल्यांत मीठ कमी आहे का, असं विचारताहेत. पण हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतला होता.

पाहुण्यांनी पानं घडी करून खिशात टाकली. "विमानात वाचीन," म्हणाले, आणि पुढची चकली घेतली.

मग पानगळ आली. तळ्याकाठचे मेपल लाल झाले, पिवळे झाले, उघडे झाले. सुलभावहिनी रोज दुपारी बूट घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत जात. पेटीत कूपनं असत, बिलं असत. पाहुण्यांकडून काही आलं नाही. हॅलोविनच्या भोपळ्यांना बर्फ लागून ते सुरकुतले. दिवाळी आम्ही पुढच्या शनिवारी साजरी केली, कारण खरी दिवाळी मंगळवारी होती. एकदा शोभाने त्यांना विचारलं, नवीन काय लिहिताय? त्या म्हणाल्या, लोणच्याच्या बाटल्यांवर नावं.

पुण्याचे दिवाळी अंक आमच्याकडे बोटीने येत. दिवाळीला निघालेला प्रकाश संक्रांतीला पोहोचे. अंकांना समुद्राचा दमट वास असे, कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे. त्या जानेवारीत अंक आले आणि डॉक्टरांचे फोन सुरू झाले. एका अंकात पाहुण्यांचा अमेरिकेवरचा लेख होता. अप्रतिम, म्हणाले डॉक्टर. यंदाच्या संक्रांतीला तोच वाचायचा. यंदा पाळी ताम्हनकरांच्या तळघराची होती.

मी अंक मागून आणला आणि वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात ते लुगडं उभं होतं.

म्हणजे, आता ते पाहुण्यांनी स्वतः पाहिलं होतं. 'त्या हिमगर्भ पहाटे मी खिडकीपाशी उभा होतो,' अशी सुरुवात. माई आता 'एक मराठी माउली' झाल्या होत्या. ते लुगडं दिवाणखान्यात उभं राहिलं ते राहिलंच. रात्रभर. वाकलं नाही, मोडलं नाही. आणि शेवटी, परिच्छेदाच्या टोकाला, तुरा खोवावा तसं: 'संस्कृती गोठते, पण वाकत नाही.' माईंचं वाक्य गाळलं होतं. पुढे तळ्यातल्या नौकाविहाराचं वर्णन होतं. डासांचा उल्लेख नव्हता, सुलभावहिनींचा नव्हता, चकल्यांचा होता.

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, डॉक्टर, हे गृहस्थ आले होते जुलैत. आपण त्यांना होडीतून फिरवलं, तुम्ही त्यांच्या मानेला मलम लावलंत. हिमगर्भ पहाट आणली कुठून?

पलीकडे अंकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

"लेले," ते म्हणाले, "प्रतिभेला ऋतू नसतो."

या वाक्यासाठी मी डॉक्टरांना पुष्कळ माफ केलं आहे. माणूस असा सर्वांगाने चुकू शकतो, हे पाहण्यातही एक आनंद आहे. साऱ्या मंडळाने तो लेख वाचला. ज्यांनी पाहुण्यांना आपल्या हाताने कैरीचं पन्हं दिलं होतं, त्यांनी वाचला. कुणालाही खटकलं नाही. गुढीपाडव्याला जे चार पानांत किस्सा होतं, ते आता साहित्य होतं, कारण ते पुण्याला जाऊन आलं होतं. आमच्या अंगणातली थंडीसुद्धा बोटीने परत येईपर्यंत आम्हाला लागली नव्हती.

सुलभावहिनींनी अंक वाचला. मग त्यांनी एक गोष्ट केली. ती चार पानं त्यांनी आपल्या कच्च्या वहीवरून पुन्हा लिहून काढली, शब्दसुद्धा न बदलता, आणि आमच्या अंकासाठी डॉक्टरांकडे दिली. डॉक्टरांचा फोन त्यांना आला तेव्हा शोभा तिथेच होती. हीच पानं गुढीपाडव्याला आपण तांबडी रेघ मारून परत केली होती, हे डॉक्टर साफ विसरले होते. डॉक्टर अतिशय हळुवारपणे म्हणाले की वहिनी, वाईट मानू नका, तुम्ही इथलं लिहायला लागलात हे छानच, पण हे सरळसरळ त्यांच्यावरून उचललेलं वाटतं. असं छापलं तर मंडळाचं पुण्यात हसं होईल. मी हे कुणाजवळ बोलणार नाही, असंही म्हणाले, आणि पानं परत पाठवली.

दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झालं. किराणा दुकानात, बाळाच्या डॉक्टरकडे, ज्याने त्याने डबा आणायच्या पोटलक जेवणाच्या रांगेत बायका सुलभावहिनींशी जरा जास्तच प्रेमाने बोलायला लागल्या. लहान वसाहतीत माणसाला चोर ठरवायची हीच रीत आहे. विनू म्हणाला, कॅन्सल करू या आपल्याकडचा कार्यक्रम. त्या म्हणाल्या, नको. तिळाच्या वड्या करून झाल्यात.

त्या शनिवारी दुपारी ऊन होतं. लख्ख. ताम्हनकरांचं घर उतारावर, त्यामुळे तळघराला मागच्या अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार आहे. पडदा लावलेला होता. बूट गॅरेजमध्ये, कोट पलंगावर, आम्ही कार्पेटवर. सरस्वतीच्या तसबिरीपुढे समई. ठिणग्या देतघेत तिळगूळ झाला. दोन जण पाणवठ्यावर जाऊन आले. मग डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्यांचा लेख वाचायला घेतला. वाचतात छान, ते मान्य केलं पाहिजे. हिमगर्भ पहाट आली. माउली आली. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. डॉक्टरांचा आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, आणि मग वर आला.

"संस्कृती गोठते, पण वाकत नाही."

टाळ्या वाजल्या. रुमाल निघाले. तेवढ्यात मागून सुलभावहिनी म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि त्यांनी पडदा सारून काचेचं दार उघडलं.

बाहेरची थंडी आत आली ती पांढरी वाफ होऊन, जमिनीवरून लोळत, संगीत नाटकात देव प्रकट होण्याआधी येते तशी. समईची ज्योत आडवी झाली. सुलभावहिनी बाहेर गेल्या आणि आल्या तेव्हा त्यांच्या हातात लुगडं होतं. तेच. जुनं, मऊ, अंजिरी काठांचं, बाळाच्या दुपट्यांना होईल म्हणून माईंनी मागे ठेवलेलं, आणि सुलभावहिनींनी ज्याला कात्री लावली नव्हती. दारातून आणताना त्याची कड चौकटीला लागली आणि फळीचा आवाज झाला. ते त्यांनी डॉक्टरांच्या समोर, कार्पेटवर, उभं केलं. ते उभं राहिलं. मग त्यांनी दार लावलं आणि बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या.

 कोपऱ्यात भट्टी घुमत होती. लुगड्यातून बारीक वाफ निघत होती. ते डॉक्टरांच्या छातीइतकं उंच होतं आणि डॉक्टर हातात अंक धरून त्याच्याकडे पाहत होते, जणू एखादी प्रतिनिधी पुण्याहून थेट आली आहे. एक थेंब पडला. मग दुसरा. मग त्याचा एक खांदा किंचित ढळला. माझ्या शेजारी शोभाने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. दुसरा खांदा गेला. कंबर लवली. ते डॉक्टरांच्या दिशेनेच लवलं, अगदी वाकून नमस्कार केल्यासारखं, आणि सवयीने डॉक्टरांचा हात आशीर्वादाला अर्धा वर गेला. मग गुडघे मुडपले, आणि सगळ्या साहित्य मंडळासमोर ते लुगडं, पाण्याचं एक लहानसं तळं करून, कार्पेटवर मुकाट्याने खाली बसलं.

सुलभावहिनींनी चार पानं हातात घेतली नाहीत. शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं.

"माई म्हणाल्या," त्या म्हणाल्या, "बसू दे गं तिला. किती लांबून आलीये."

तळघरात जितक्या बायका होत्या, त्यांतली एकही त्या वेळी रुमाल शोधत नव्हती. पाहुण्यांच्या वाक्याला रुमाल लागले होते. या वाक्याला त्या नुसत्या बघत राहिल्या, ओल्या कापडाकडे, आणि मग कुणीतरी खुदकन हसली, आणि मग त्या सगळ्या हसायला लागल्या, पोट धरून, एकमेकींच्या अंगावर रेलून, जशा त्या दोघी त्या दिवशी हसल्या असतील. वर झोपलेलं बाळ जागं झालं. डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पाणवठे सुंदर अक्षरात उतरवून काढले होते, त्या उठल्या, सुलभावहिनींजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ती पानं द्या माझ्याकडे. मी आज घेऊन जाते."

डॉक्टरांनी अंक मिटला. घसा साफ केला. ते खरोखर हललेले दिसत होते, आणि मला क्षणभर भीती वाटली की हा माणूस आता सुधारतो की काय.

"प्रभावी आहे," ते म्हणाले. "पण याला साहित्य म्हणता येईल का, ते पुण्याला विचारावं लागेल."

मला हायसं वाटलं. पुण्याला कुणी विचारलं नाही. त्या वर्षीच्या आमच्या अंकात पहिल्या पानावर ती चार पानं सुंदर अक्षरात आली, तांबड्या रेघेचं वाक्य शेवटी, एकटं, ठळक. संपादकीय पानांत प्राजक्त पडतच होता. तो थांबणारा नाही. सुलभावहिनी लिहिताहेत. शेजारच्या नॉर्वेजियन म्हातारीवर लिहिलं, लाँड्रीवर लिहिलं, माई गेल्याची तार ज्या दिवशी आली त्या दिवसाच्या बर्फावर लिहिलं. पाहुण्यांच्या त्या प्रवासवर्णनाचं पुढे पुस्तक झालं आणि त्यावर लुगड्याचं चित्र आहे. ताठ.

चहा संपला. खिडकीबाहेर ऊन तसंच खोटं बोलत होतं. मी कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि अंगणातून ताम्हनकरांकडे गेलो. पावलांखाली बर्फ साबुदाण्यासारखा कुरकुरत होता. सुलभावहिनी दार उघडून आत घेईपर्यंत माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी डॉक्टरांचा निरोप जसाच्या तसा सांगितला, की थोर साहित्यिक आहेत, आठवडाभर राहतील, तुमचा स्वयंपाक पुण्यापर्यंत माहीत झालाय.

त्यांनी टेबलावरचे कागद गोळा करून बाजूला सारले, माझ्यासाठी कप काढला आणि चहात आलं किसलं.

"येऊ देत की, भावजी," त्या म्हणाल्या. "खुशाल राहू देत. फक्त डॉक्टरांना सांगा, जुलैत नको. म्हणावं, जानेवारीत या."